पहिल्या दोन रांगा

“जो आला त्याला शिकव, जो नाही आला त्याच्यासाठी प्रार्थना कर. दोन्ही कामं एकाच वेळी करायला जाऊ नकोस,” असं आमच्या कॉलेजातल्या जुन्या नन सिस्टर पर्पेच्युआ मला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते आणि तासाची सुरुवात कोण आलं नाही हे शोधण्यात घालवत होते. सिस्टर दारात उभ्या राहून ते बघत होत्या. जाता जाता एवढंच बोलल्या. तेव्हापासून मी हजेरी घेत नाही. भूगोल शिकवते, फळ्यावर खडूने नद्या काढते, आणि समोर जे बसले असतील त्यांच्याशी बोलते.

फुटबॉलच्या, म्हणजे आमच्याकडच्या हातात चेंडू घेऊन धावण्याच्या खेळातल्या, मुलांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांची हजेरी मी घेतली नाही तरी कोणीतरी घेतंच.

आमच्या गावात दोन वाद कधी मिटत नाहीत. गंबोत, म्हणजे आमच्याकडच्या दाट रश्श्यात, टोमॅटो घालावा की नाही हा एक, आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना वर्गात बसायला लावावं की नाही हा दुसरा. सकाळची मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी आणि भात भरलेली गरम सॉसेजं असतात, आणि तिथे हे वाद रोज नव्याने सुरू होतात. क्लोव्हिस न्हावी सक्तीच्या विरुद्ध. त्याचं म्हणणं, पोरगं पहाटे उठून वजनं उचलतं, दुपारभर एकमेकांच्या अंगावर आदळतं, संध्याकाळी कोचबरोबर मागच्या सामन्याचं चित्रण बघतं. मध्येच त्याला व्हर्जीबाईंच्या, म्हणजे माझ्या, नद्या कशाला? “बैलाला नांगराला जुंपायचं आणि वर शाळेत घालायचं,” तो म्हणे.

“बैलाचे गुडघे गेले की बैल काय करतो, ते सांग आधी,” जुना टपालवाला आल्सीद विचारी.

त्यावर क्लोव्हिस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. मी बहुधा ऐकत असे. खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटायचं. ज्याला यायचं नाही त्याला धरून आणलं तर खुर्ची भरते, एवढंच होतं. पण खुर्चीत बसल्या बसल्या माणसाच्या कानावर काय पडेल आणि त्यातलं काय राहील, हे कोणी सांगावं?

आल्सीद राबाले आणि मी एकाच शाळेत वाढलो. तो आयुष्यभर टपाल वाटत होता. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर कोच हॅडनॉटने त्याला कामाला ठेवलं, खेळाडू वर्गात बसतात की नाही ते बघायला. नियम असा की खेळाडूंनी पहिल्या दोन रांगांत बसायचं, डोक्यावर टोपी नको, कानात काही नको. आल्सीद वर्गावर्गाच्या दाराशी जायचा, दाराच्या उभ्या काचेतून पुढच्या दोन रांगा बघायचा आणि पुढे निघायचा. वर्गात पाऊल टाकायचं नाही असं ठरलेलं होतं, कारण तास मोडतो अशी आम्हा शिकवणाऱ्यांचीच तक्रार होती. वर्ग इतके, की एकेकाची पाळी महिन्याने येई; तीनदा जो दिसला नाही तो पुढचा सामना खेळत नसे. आल्सीदच्या शब्दावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं. सकाळच्या जपमाळेत पहिला अर्धा भाग तो म्हणतो आणि उरलेला आम्ही बायका. इतक्या वर्षांत त्याचा एक मणी चुकलेला मला आठवत नाही.

त्या वर्षी हिवाळ्याआधी माझ्या वर्गात जार्व्हिस ओझेन होता. शेवटच्या वर्षाचा. चेंडू कधी हातात न घेणाऱ्यांपैकी. त्याचं काम समोरून धावत येणाऱ्याला अंगावर घ्यायचं आणि मागच्या पोराला चेंडू टाकायला वेळ द्यायचा. त्यामुळे त्याचं नाव कोणी ओरडत नसे, पण तो नसला की सगळ्यांना कळे. अंगाने इतका रुंद की दारातून आत येताना तो जरा तिरका होई. बोलणं हळू, प्रत्येक वाक्यात मॅडम.

त्याच वर्गात मिस युला होत्या. वयाने माझ्या आईसारख्या. म्हाताऱ्यांना फी माफ असते म्हणून शिकायला आलेल्या, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या. कमरेचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे त्यांना पुढच्या रांगांतल्या, मेज जोडलेल्या खुर्च्यांत बसता येत नसे. त्यांच्यासाठी तिसऱ्या रांगेत एक साधी खुर्ची ठेवलेली होती. ती खुर्ची नेमकी जार्व्हिसच्या पाठीमागे आली.

पहिल्या आठवड्यातच त्या म्हणाल्या, “पोरा, तुझ्या पाठीवर काय लिहिलंय ते मला पाठ झालं. आता फळ्यावर काय लिहिलंय ते सांग.”

जार्व्हिस ओशाळून एक खुर्ची सरकला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, की आधी मिसिसिपी गेली होती, आता मिसुरी गेली. वर्ग हसला, जार्व्हिसही हसला. पुढच्या तासाला तो कुठे बसला याकडे मी लक्ष दिलं नाही. एवढं खरं की मिस युलांची तक्रार पुन्हा आली नाही आणि जार्व्हिसचे प्रश्न येत राहिले. नदी समुद्राला मिळताना गाळ का टाकते, हे त्यानेच विचारलं होतं. मी समजावून सांगितल्यावर म्हणाला, “म्हणजे ती दमते, मॅडम.” मी म्हटलं, तसं म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी आल्सीद मागच्या खोलीत कॉफी घेऊन माझ्या शेजारी बसला. बुधवारी दुपारपर्यंत माझा उपास असतो, म्हणून मी नुसतीच काळी कॉफी घेते. त्यानेही त्या दिवशी खायला घेतलं नव्हतं. म्हणाला, वाईट वाटतं गं, पण तुझ्या वर्गातला तो ओझेन शनिवारी बाहेर बसणार. तीनदा दिसला नाही. आणि शनिवारचा सामना म्हणजे घरच्या मैदानावरचा शेवटचा.

तो सामना शेवटच्या वर्षाच्या मुलांचा असतो. एकेकाचं नाव पुकारतात, मुलगा धावत मैदानाच्या मध्यावर येतो आणि तिथे त्याचे आईबाप उभे असतात. जो खेळणार नाही त्याचं नाव पुकारत नाहीत.

मी म्हटलं, “आल्सीद, तो वर्गात असतो.”

खोलीत चमच्यांचे आवाज थांबले. मी आवाज चढवला नव्हता, पण मी तिथे फारशी बोलतच नाही, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. क्लोव्हिस पुढे झुकला. त्याला पर्वणीच मिळाली होती. आल्सीदने कप खाली ठेवला. “मी माझ्या डोळ्यांनी बघितलं,” एवढंच म्हणाला आणि टोपी घेऊन निघून गेला.

त्याच दुपारी मी कोच हॅडनॉटकडे गेले. तो आमच्या चर्चचा नाही, बॅप्टिस्ट आहे, पण भला माणूस. मी आत गेले तसा उठून उभा राहिला. मी सांगितलं ते सगळं त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं की मी हजेरी घेते का. नाही म्हटलं.

“आल्सीद खोटं बोलतोय असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“नाही.”

“म्हणजे मुलगा वर्गात नव्हता.”

“होता.”

“मॅडम, दोन्ही एकदम कसं खरं असेल?”

“ते मला अजून कळलेलं नाही,” मी म्हटलं.

त्याने सुस्कारा टाकला. म्हणाला, शुक्रवारी दुपारी संघ ठरतो. तोवर कळलं तर या. एकासाठी नियम वाकवला तर उरलेल्यांना मी काय तोंड दाखवू? त्याचं चुकत नव्हतं.

गुरुवारी सकाळी आल्सीदने जपमाळ इतकी भरभर म्हटली की आम्हा बायकांची दमछाक झाली. नंतर तो कॉफीला थांबला नाही. मी कॉलेजला निघाले ते मनात एकच मागणं घेऊन, की या दोघांतला एक खोटा न ठरता दुसरा खरा ठरू दे.

तासाला मी ॲमेझॉन काढत होते. उपनद्या काढायला फळ्याच्या टोकाशी गेले तेव्हा पाळी नसतानाही दाराच्या काचेत आल्सीदची टोपी दिसली. त्याने नेहमीसारखं नीट, सावकाश बघितलं आणि तो गेला. मी लगेच वर्गाकडे वळून जार्व्हिसला शोधलं. तो अगदी मागे, कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या आणि दाराच्या मध्ये खांब होता. आमची इमारत जुनी; वरचा मजला खचायला लागला तेव्हा वर्गाच्या मध्यावर तो खांब उभा केला. मी फळ्यापाशी असते, मला तो कधी आड येत नाही.

तास संपल्यावर मी जार्व्हिसला थांबवलं. मिस युला काठी टेकत बाहेर जाईपर्यंत तो वह्या आवरत राहिला.

“कोचला सांगितलंस का तू मागे बसतोस ते?”

“नाही, मॅडम.”

“का?”

“नियम दोन आहेत, मॅडम. यायचं, आणि पुढे बसायचं. पहिला पाळला, दुसरा मोडला. अर्धं सांगायचं आणि अर्धं गाळायचं, ते मला जमत नाही. पुरतं सांगितलं तर ते म्हणतील, ऊठ आणि पुढे बस.”

“मग बस की पुढे.”

तो जमिनीकडे बघून हसला. “मग मिस युला काय बघणार? त्यांना कळलं की माझा सामना त्यांच्यामुळे गेला, तर त्या वर्गात येणं सोडतील. मी ओळखतो त्यांना. माझ्या आज्जीसारख्याच आहेत.”

मी विचारलं, शनिवारी कोण येणार आहे. त्याची आई लहानपणीच गेली, हे मला माहीत होतं. म्हणाला, बाबा. बाप समुद्रात तेल काढतात त्या फलाटावर कामाला. एकदा गेला की आठवडेच्या आठवडे तिकडेच. मुलाला कॉलेजात खेळताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. या खेपेला कोणाशी तरी पाळी बदलून घेतली होती, बदल्यात ख्रिसमसला काम करायचं कबूल करून.

“त्यांना सांगितलंस?”

“अजून नाही, मॅडम. हेलिकॉप्टर त्यांना घेऊन उद्या येतं. आलेच नाहीत तर बरं, असं वाटून गेलं एकदा. मग वाटलं, असं वाटू नये.”

मी त्याला काही आश्वासन दिलं नाही. जे आपल्या हातात नाही ते देऊ नये.

शुक्रवारी मिस्सा झाल्यावर मी चर्चच्या पायऱ्यांवर आल्सीदची वाट पाहत उभी राहिले. म्हटलं, माझ्याबरोबर कॉलेजपर्यंत चल. तो टोपी घालून माझ्याबरोबर निघाला. शुक्रवारी माझा वर्ग रिकामा असतो. दाराशी मी त्याला थांबवलं.

“मी आत जाऊन बसते. तू रोजच्यासारखं बघ, आणि मी कुठे बसलेय ते सांग.”

“हा काय पोरखेळ, व्हर्जी?”

“माझ्यासाठी कर.”

मी आत गेले, दार लावलं आणि मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून दार दिसत नाही, खांब दिसतो. त्यावर कोणीतरी कधीतरी खिळ्याने आपलं नाव कोरलंय. फळा मात्र बऱ्यापैकी दिसतो, मान जरा डावीकडे केली तर. इतके महिने एवढा मोठा मुलगा मान वाकडी करून माझ्या नद्या बघत होता.

मग दाराआडून आल्सीदचा आवाज आला.

“बसलीस का?”

“कधीचीच.”

मग दार उघडलं. आल्सीद पहिल्यांदाच माझ्या वर्गात आला. त्याने टोपी काढली, खांबाला वळसा घालून माझ्यासमोर उभा राहिला, मागे वळून दाराकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग पुढच्या खुर्चीत आडवा बसला.

“जन्मभर टपाल वाटलं,” तो म्हणाला. “दार उघडलं नाही म्हणून घरात माणूस नाही असं कधी धरलं नाही मी. इथे कसं धरलं गं?”

“तुला दोन रांगा बघायला सांगितलं होतं. त्या तू नीट बघितल्यास.”

“नीटच बघितल्या.” त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “चार वर्षांत असे किती असतील, खांबाआडचे?”

ते मला माहीत नव्हतं आणि त्यालाही. मी म्हटलं, ते देवावर सोड. आज दुपारपर्यंत आपल्या हातात एकच आहे. त्याने मान हलवली. कोचकडे मी जावं असं त्याने सुचवलं, म्हणजे त्याने मला तसं विचारून पाहिलं. मी नको म्हटलं. मी गेले असते तर गावात एवढंच उरलं असतं की व्हर्जीने आल्सीदला खोटं पाडलं. तो म्हणाला, मग निदान बरोबर तरी ये. तेवढं मी केलं.

कोचच्या खोलीत आल्सीद खुर्चीत बसला नाही. उभा राहूनच सांगितलं, की माझ्याकडून चूक झाली, मुलगा आत होता, मला दिसत नव्हता, आणि दिसत नाही हे मला कळत नव्हतं. कोचने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जार्व्हिसला बोलावून घेतलं. मागे का बसलास, हे त्याच्याकडून काढायला वेळ लागला. शेवटी बोलला, की मिस युलांना फळा दिसत नव्हता, पण कृपा करून त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

कोच हॅडनॉट हसायला लागला, आणि त्याचं हसू आवरेचना. “भिंत हवी म्हणून तुला आणला,” तो डोळे पुसत म्हणाला, “आणि पहिली तक्रार भिंतीचीच आली.”

मग तो गंभीर झाला. वर्ग चुकवल्याचा डाग पुसला. जार्व्हिस शनिवारी खेळणार. आल्सीदने यापुढे आत येऊन बघायचं, माझी हरकत नसेल तर. मी म्हटलं, खुर्च्या आहेत. पण न विचारता जागा बदलली, ते राहिलंच. त्याबद्दल रविवारी पहाटे जार्व्हिसने मैदानाच्या पायऱ्या धावायच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्या.

“रविवारी तिथे कोणी नसेल,” कोच म्हणाला. “मी झोपलेला असेन. हे दोघं चर्चला. बघायला कोणी येणार नाही, आणि नंतर मी विचारणारही नाही. शब्द देतोस?”

“दिला, कोच.”

“आणि सोमवारपासून कुठे बसणार?”

जार्व्हिसने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

“मागेच, कोच. विचारून.”

“बस मग,” कोच म्हणाला.

शनिवारी ऊन पडलं होतं. मी सामन्यांना फारशी जात नाही, पण त्या दिवशी मिस युलांबरोबर गेले. त्यांच्या पायांवर घोंगडी घातली, गरम कोको घेतला. जार्व्हिसचं नाव पुकारलं तेव्हा मैदानाच्या मध्यावर एक उंच, वाळलेला माणूस कोणाचा तरी उसना कोट घालून उभा होता. बाह्या मनगटाच्या वरच संपत होत्या. मुलगा धावत आला आणि त्याच्यापाशी येऊन थबकला, जणू पुढे काय करायचं ते दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. मग बापाने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून खाली ओढलं आणि आपल्या कपाळाला लावलं. आमच्या पुढच्या रांगेत आल्सीद होता. तो उगाचच चष्मा पुसत बसला.

सामनाभर मिस युलांचं बोलणं चालू होतं. जार्व्हिस समोरच्याच्या आड उभा राहिला की त्या आजूबाजूच्यांना सांगत, “बघा, त्या बिचाऱ्याला आता काही म्हणजे काही दिसत नाहीये. मला विचारा कसं वाटतं ते.” त्यांना बाकी काहीच ठाऊक नव्हतं. क्लोव्हिसने मागून विचारलं, की आजीबाई, हा पोरगा तुमच्या वर्गात काही शिकतो तरी का? त्या म्हणाल्या, “तुझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो, आणि उत्तर ऐकायला थांबतो.” आम्ही जिंकलो. किती फरकाने, ते क्लोव्हिसला विचारावं लागेल.

रविवारी पहाटे मी नेहमीप्रमाणे जपमाळेला निघाले. भाताच्या खाचरांवर धुकं होतं, थंडी होती. मैदानाच्या बाजूच्या रस्त्यावर एक जुनी पिकअप गाडी उभी होती. आत जार्व्हिसचा बाप झोपलेला होता, तोच कोट अंगावर पांघरून, पायातले बूट समोर काचेपाशी ठेवून. जार्व्हिस गाडीला टेकून बुटांच्या नाड्या बांधत होता. उजव्या गुडघ्याला पट्टी होती आणि वाकताना त्याला त्रास होत होता.

मला पाहून तो उभा राहिला. मी काही बोलणार, तोच त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि गाडीकडे मान केली. मी मान डोलावली. त्याने गाडीचं दार आवाज न होऊ देता नीट लावलं, हात चोळले, आणि जरासा लंगडत पायऱ्यांच्या फाटकाकडे निघाला.